सभागृहात घेतलेलं नाव

३० नोव्हेंबर, रविवार

ही वही पद्मजाने आणून दिली. म्हणाली, "अहो, भीती वाटली की मला दिल्लीला फोन करण्याऐवजी यात लिहीत जा. वहीला प्रश्नोत्तराचा तास नसतो." बायको राज्यसभेत खासदार असली की नवऱ्याला असे टोमणे फुकट मिळतात.

भित्रा आहे मी, कबूल. सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. चांगल्या धडधाकट माणसाला अचानक काय काय होऊ शकतं हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं यमालाही नसेल. पद्मजा छातीच्या विकारांची डॉक्टर. इथे बिबवेवाडीत घराच्या खालीच तिचा दवाखाना. मार्केट यार्डातल्या हमालांच्या छातीत मिरचीची आणि धान्याची धूळ कशी साठते हे पाहत तिची हयात गेली. मागच्या वर्षी चंद्रपूरकडच्या कोळसापट्ट्यात तपासणी शिबिराला गेली आणि तिथून जी परत आली ती निराळीच.

तिकडचे एक गृहस्थ आठवड्यापासून आमच्या मागच्या खोलीत मुक्कामाला आहेत. रतन दुर्गे, गाव खैरगुडा. ठेकेदाराच्या हाताखाली रेल्वेच्या वाघिणीत कोळसा भरण्याचं काम. वय शेहेचाळीस, दिसतात माझ्याएवढे. छातीत कोळशाची धूळ बसून गाठी झाल्यात असं पद्मजाचं निदान. ते दुसऱ्या डॉक्टरांकडूनही पक्कं व्हावं म्हणून तिने त्यांना पुण्यात तपासण्यांसाठी बोलावलं आहे. कंपनीच्या हिशेबी त्या पट्ट्यात असा एकही रुग्ण नाही. पद्मजाने दुर्ग्यांना शब्द दिलाय की त्यांचं नाव कुठेही येणार नाही, कारण नाव आलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो. कधी कधी त्याहून वाईट, असं ते म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर झोप लागली नसती.

पद्मजा पहाटेच्या विमानाने गेली. अधिवेशन उद्यापासून.

४ डिसेंबर, गुरुवार

आज तिचा प्रश्न होता. दुर्गे आणि मी टीव्हीसमोर. ते खाली सतरंजीवर बसले. "अहो, खुर्चीवर बसा," असं मी तीनदा म्हटलं. बसले नाहीत.

गेल्या पाच वर्षांत कोळसा खाणींमधल्या ठेकेदारी कामगारांत धुळीच्या आजाराचे किती रुग्ण नोंदले गेले, हा प्रश्न. लेखी उत्तर: शून्य. पद्मजा पूरक प्रश्नाला उठली. शांत होती. म्हणाली, तपासणीच होत नसेल तर रुग्ण सापडणार कसे? त्यावर मंत्री हसले. म्हणाले, माननीय सदस्या स्वतः डॉक्टर आहेत, शिबिरंही घेतात, तर त्यांनी एका तरी रुग्णाचं नाव सांगावं. समोरच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "नाव, नाव!"

पद्मजाला राग आला की तिची मान ताठ होते. टीव्हीतही दिसली. मी मनात म्हटलं, बस खाली, बाई. पण ती बोललीच. "सभापती महोदय, सांगते. रतन सीताराम दुर्गे. मुक्काम खैरगुडा."

एका बाजूचे लोक बाकं वाजवायला लागले. खरं सांगायचं तर मीही टाळ्या वाजवल्या. दुर्गे उठून उभे राहिले, टीव्हीला हात जोडले आणि पुढे होऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो दुर्गे, देशभर नाव झालं तुमचं!" मी म्हणालो.

"हाव जी," ते म्हणाले.

जेवायला अर्धीच पोळी घेतली. एवढा मान मिळाला की साध्या माणसाला भांबावायला होतं.

संध्याकाळी पद्मजाचा फोन. तिचा आवाज पडलेला. आधी दुर्ग्यांशी बोलली. ते नुसतं "होऊ द्या जी, झालं ते झालं" म्हणत होते. मग मला म्हणाली, "सभागृहात काही बोलले तरी मला कुणी कोर्टात खेचू शकत नाही. ते कवच मला आहे. त्यांना नाही." सगळीकडे हिची चित्रफीत फिरतेय, लोक वाहवा करताहेत आणि हिचं हे असं. मला वेगळीच काळजी लागली आहे. अशा वेळी बाईच्या अंगावर शाई फेकतात, गाडीवर दगड मारतात. आपण दोघं साठी उलटलेली माणसं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून दोनदा फोन वाजला. उचलला की कुणी बोलत नाही.

आणि खाली जीप उभी आहे. धुळीने माखलेली, नंबर एमएच-३४. म्हणजे चंद्रपूर. आत दोन माणसं, काळीसावळी, दणकट. एकाच्या गळ्यात पंचा. दोघं वर आमच्या गॅलरीकडे बघत होते. मी पडदा ओढला. दुर्गे तपासणीला गेले होते ते बरं झालं.

वॉचमनला इंटरकॉमवर सांगितलं. त्याने विचारायला जाऊन परत फोन केला: "दुर्गे इथंच राहतात का, विचारतायत." नावासकट माहीत! मी सांगितलं, इथे असं कुणी राहत नाही, आणि पाच मिनिटांत गाडी हलली नाही तर पोलीस बोलावतो. गाडी हलली नाही. मग मी खरोखरच खाली गेलो. सोसायटीचे चारजण मागे घेऊन गेलो. पंचावाला काहीतरी "आमी पावने..." असं सांगू पाहत होता. मी त्याला बोलूच दिलं नाही. गेले एकदाचे.

दुर्गे आल्यावर त्यांना यातलं काही सांगितलं नाही. उगाच घाबरले असते. पद्मजालाही फोन केला नाही, वहीत लिहिलं. तिला आनंद होईल.

७ डिसेंबर, रविवार

चार दिवसांत पहिल्यांदा आज जरा हायसं वाटलं.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. सलिल म्हणून. चाळिशीचे, पांढरा सदरा, येताना अंजीर बर्फी. दारातच वाकून नमस्कार. आमच्याच शाळेचे निघाले, अर्थात माझ्यानंतर पंचवीस वर्षांनी, आणि बालपण आमच्या पेठेतलंच. भाषा अशी स्वच्छ की कान सुखावले. हल्ली ळ आणि ण असे कोण म्हणतं? चंद्रपूरकडे लोककल्याणाचं काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत आहेत.

"काका, ताईंबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे," ते म्हणाले. "म्हणूनच आलो. तिकडची काही मंडळी फार तापट आहेत. दुर्ग्यांचं नाव आल्यापासून भडकली आहेत. ते आपल्याकडे आहेत तोवर हे घर सगळ्यांच्या डोळ्यांत."

मी त्यांना जीपचं सांगितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "एमएच-३४ ना? बघा! आपण हाकललंत ते उत्तम केलंत."

किती बरं वाटलं म्हणून सांगू. कुणीतरी मला भित्रा न म्हणता शहाणा म्हटलं. मी सांगून टाकलं की काळजीचं कारण नाही, तपासण्या संपल्या, दुर्गे मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने वर्ध्याला जाताहेत, पुढे बसने. त्यावर तेच म्हणाले, "बसचा त्रास कशाला? श्वास लागतो ना त्यांना? आमची गाडी वर्ध्याला उभी करतो, थेट घरी सोडतील. डबा कोणता?" मी तिकीट बघून डबाही सांगितला. ताईंना कळवू नका, त्या संकोचापोटी नाही म्हणतील, असं जाताना म्हणाले. पद्मजाला अगदी बरोबर ओळखलंय.

दुर्ग्यांना बर्फीसाठी हाक मारली, पण ते खोलीतून बाहेर आलेच नाहीत. आतून खोकला दाबल्यासारखा आवाज येत होता. गावाकडची माणसं अनोळखी पाहुण्यासमोर बुजतात.

९ डिसेंबर, मंगळवार

दुर्ग्यांना रिक्षात बसवून आलो. कांताबाईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, त्यांनी इथून एक स्वेटर घेतलाय, तो मला दोनदा दाखवला.

रिक्षात बसता बसता म्हणाले, "सायेब, जीप घेऊन कोनी आलं होतं का जी? माहा साळा येनार होता मले न्यायले. फोन लागून नाई राहिला त्याचा."

मी म्हणालो, नाही, कुणी नाही आलं.

का म्हणालो असं? साळा. पंचावाला म्हणत होता, आम्ही पाहुणे. पण बायकोचा भाऊ असा दिसेल? कसा दिसायला हवा होता मग? नाही. ते गुंडच होते, सलिलही तसंच म्हणाले. आणि वर्ध्याला त्यांची गाडी आहे, त्यामुळे दुर्ग्यांना जीपची गरजच नाही. गाडीचं मी दुर्ग्यांना सांगणार होतो, पण रिक्षावाला घाई करत होता.

 

१२ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहू नये असं वाटतं. पण दुसरं कुणाला सांगू?

दुपारी सगळ्या मोबाइलवर चित्रफीत आली. दुर्गे खुर्चीवर बसलेत. अंगात नवा शर्ट, घडीच्या खुणा दिसताहेत. म्हणतात, मला कुठलाच आजार नाही, डॉक्टरबाईंनी मला फसवून पुण्याला नेलं, नाव माझ्या परवानगीशिवाय घेतलं. बोलताना दर वाक्याला चित्र हलकेच उडतं. सव्वीस वर्षं लोकांचे पुरावे तपासले आहेत मी. प्रत्येक ठिकाणी खोकला कापलाय.

मागून कुणीतरी त्यांना "आणि पुढे?" असं हळूच विचारतं. स्वच्छ, शुद्ध आवाज. ण अगदी स्पष्ट.

तासाभराने कांताबाईंचा फोन आला. पद्मजाचा लागत नव्हता म्हणून इथे केला. "पोचले काल," म्हणाल्या. "दोन दिवस कुठं ठेवलं होतं, सांगत नाईत. जेवत नाईत. भाऊ माहा जीप घेऊन गेला होता त्याइले आनाले, तुमच्या इथल्या एका म्हाताऱ्यानं हाकलून देल्लं. कोन होता तो, सायेब?"

मी फोन ठेवला.  इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकी भीतीही.

ज्यांच्यापासून घर वाचवलं ते त्या माणसाला सुखरूप न्यायला आले होते. आणि ज्याला चहा पाजला त्याला मी गाडी सांगितली, वर डबाही सांगितला. का, तर तो माझ्यासारखं बोलत होता.

संध्याकाळी बातमी: पद्मजाने सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंगाची सूचना. बुधवारी तिला उत्तर द्यायचंय.

१३ डिसेंबर, शनिवार

पद्मजा सकाळी आली. तोंड धुण्याआधीच मी सगळं सांगितलं. जीप, बर्फी, गाडी, डबा. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती, पर्स मांडीवर तशीच. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "नाव मी सांगितलं, गाडी तुम्ही. दोघांनी मिळून त्यांचा पत्ता पुरा केला."

मग तिने काय पेच आहे ते सांगितलं. तिच्याकडे दुर्ग्यांचे एक्सरे आहेत, दोन डॉक्टरांचे अहवाल आहेत. ते सभागृहाच्या पटलावर ठेवले की ती सुटली. पण मग दुर्गे चित्रफितीत खोटं बोलले हे जगजाहीर होणार, आणि ज्यांनी ते बोलायला लावलं ते काय करतील? ठेवले नाहीत तर ती खोटी, आणि खैरगुड्यात परत शून्यच.

"ठेव," मी म्हणालो. "आधी तू वाचली पाहिजेस."

"एकदा त्यांना न विचारता बोलले," ती म्हणाली. "आता विचारून येते. समोर बसून. ते नको म्हणाले तर सभागृहात माफी मागेन."

कांताबाईंच्या भावाशी बोलली. तो उद्या नागपूर विमानतळावर जीप घेऊन येणार आहे. संध्याकाळपर्यंत ती खैरगुड्यात. गावात दुर्ग्यांच्या घरासमोर माणसं बसलेली असतात, पण रात्रीच फक्त. ती येतेय हे कळलं तर मात्र दुर्ग्यांना आधीच हलवतील, हे भाऊ स्पष्ट म्हणाला.

दुपारी तिचा डोळा लागला असताना फोन आला. सलिल.

"काका, झाला तो प्रकार फार दुर्दैवी. ताई भेटायला येणार असतील ना तिकडे? आल्या तर आपण व्यवस्था करू. कधी निघतायत?"

 मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो नेहमीसारखाच बावळट होता. "बरं झालं तुम्ही विचारलंत. उद्या संध्याकाळच्या गाडीने निघतोय आम्ही दोघं. सोमवारी सकाळी वर्धा. तुमची गाडी मिळेल का हो?" त्याने न विचारताच एक डबाही सांगितला.

"अवश्य," तो म्हणाला. "पुणे स्टेशनवर मी स्वतः निरोपाला येतो."

हे माझ्या डोक्यात नव्हतं. तो येणार म्हणजे त्या गाडीत कुणीतरी बसलेलं दिसायला हवं. त्याच डब्याची दोन तिकिटं काढली. पद्मजा उठल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही? एकटे?" आणि पहिल्यांदाच मला काही टोमणा मारला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार सकाळ, गाडीत

काल सलिल आला होता, फुलं घेऊन. ताई कुठे, म्हणाला. मी म्हणालो, दौंडला एका शाळेचा समारंभ आहे, तिथून चढेल. त्याने माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, "काका, जपून" म्हणाला. दौंडला कुणी त्याचा माणूस बघायला आला की नाही कोण जाणे. मी शाल पांघरून भिंतीकडे तोंड केलं आणि शेजारच्या जागेवर दुसरी शाल उशीवर टाकून ठेवली. अशा युक्तीने विम्याच्या दाव्यात कुणी मला फसवू शकलं नसतं.

आत्ता, उजाडल्यावर, पद्मजाचा फोन आला. वाऱ्याचा आवाज होता, चालत्या जीपमधून बोलत होती.

"भेटले," म्हणाली. "अंधार पडायच्या आत घरात शिरलो. मी पाय धरायला वाकले तर मागे सरकले. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तर तुमचं नाव कामकाजातून काढून टाकायला लावते, माफी मागते. तर म्हणाले..." तिचा आवाज फाटला. "म्हणाले, घेतलं ते घेतलं जी, आता काढू नोका. नाव असंन तर मी मेलो का मारल्या गेलो, कोनी विचारन तरी. नाव नसंन तर मी त्याइच्या शून्यात जातो."

"मग?"

"मग एक्सरे ठेवायचे. पहाटे घरासमोरची माणसं उठून गेल्यावर दोघांना घेऊन निघालेय. कांताबाई शेजारी बसल्यात. ते मागे झोपलेत. दिल्लीला सोबतच नेते, तिथे ओळखीच्या रुग्णालयात ठेवेन. अहो, तुम्ही कुठे आहात? मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर उतरा. आता गरज नाही."

मी गाडीच्या खिडकीबाहेर बघितलं. म्हणालो, "किती अंतर आहे तुम्हाला विमानतळाला?"

"दोन तास तरी."

"मग आहे गरज," मी म्हणालो. मी इथेच उतरलो आणि वर्ध्याच्या फलाटावर सलिलच्या माणसांना कुणीच दिसलं नाही, तर ते खैरगुड्याला फोन करतील, आणि नागपूरचा रस्ता एकच आहे. ती पलीकडून काही बोलत होती, पण मी फोन ठेवला. बायकोचा फोन मी स्वतःहून ठेवल्याचं मला आठवत नाही.

अक्षर बघवत नाही. भीती जराही कमी झालेली नाही. तीनदा बाथरूमला जाऊन आलो. मला वाटायचं, शूर माणसांना भीती वाटत नसणार. मी शूर नाही, त्यामुळे याबद्दल मला काहीच सांगता यायचं नाही.

गाडी हळू झाली. वर्धा. खिडकीतून फलाटावर चारपाच माणसं दिसताहेत, डब्यांचे नंबर वाचत पुढे येणारी. ही वही सदऱ्याच्या आत ठेवतो. खाली उतरल्यावर त्यांना चहा घ्यायला सांगणार आहे, बसून, सावकाश, आणि पद्मजा बाथरूममध्ये आहे, येईलच इतक्यात, असं म्हणत राहणार आहे, जितका वेळ म्हणता येईल तितका.